वैद्याचा हात

गॅरेजमध्ये सगळे त्याला वैद्य म्हणत. औषधपाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. साधी सर्दी झाली तरी तो बायकोला विचारून गोळी घ्यायचा. पण चालत्या गाडीत दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर तळहात ठेवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि जरा वेळाने म्हणायचं, "चाकांत काही नाही. शाफ्ट वाकलाय, मागच्या टोकापासून वीतभर आत." गाडी उचलून बघावं, तर शाफ्ट नेमका तिथेच वाकलेला.

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारी लोखंडी नळी. इंजिनाची ताकद तीच मागे पोचवते आणि मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्यात केसाएवढी खोट असली, तरी वेग वाढला की सगळी गाडी थरथरते. हा थरथराट कुठून येतो हे ओळखणं, एवढंच काम वैद्याने चाळीस वर्षं केलं. गॅरेज दोघा भावांचं. धाकटा बोलका, म्हणून तो पुढे उभा राहिला आणि मालक झाला. थोरला, म्हणजे वैद्य, गाडीखाली गेला आणि तिथेच रमला. "गिऱ्हाईक तू सांभाळ, गाडी मी सांभाळतो," हे पहिल्या वर्षी ठरलं, त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ग्राइंडर चालवताना वैद्याची बोटं खडूसारखी पांढरी पडली. मग ती वरचेवर पांढरी पडू लागली आणि हळूहळू त्यांच्यातली, मग तळहातातलीही जाण गेली. डॉक्टर म्हणाले, ग्राइंडरच्या कंपनाने हातातल्या नसा मेल्या, आता परत येणार नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचा थरथराट शोधणाऱ्या माणसाला थरथराटानेच गाठलं, हे ऐकून तो डॉक्टरांसमोर हसला. घरी आल्यावर हसला नाही.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. शर्टाची बटणं ती लावून द्यायची. गॅरेजमध्ये तो जुन्या अनुभवावर, आवाजावर आणि थोडा अंदाजावर काम निभावून नेत होता. झाकली मूठ होती.

अशात ती गाडी आली. शर्यतीत गाडी पळवणाऱ्या एका तरुणाची. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली, इंजिन दुसऱ्याच मोठ्या गाडीचं, गिअरबॉक्स त्याला जुळणारा, आणि शाफ्ट कापून आखूड केलेला. हे सगळं काम मालकाच्या मुलाने, म्हणजे वैद्याच्या पुतण्याने केलं होतं. पुतण्या इंजिनिअर, हुशार, कामाला वाघ. पण नव्वदच्या पुढे गाडी अशी थरथरायची की शर्यतवाला म्हणाला, "माझे दात हलायला लागलेत, बिल तुम्हाला पाठवू का?"

पुतण्याने तीनदा बाहेरून शाफ्ट बॅलन्स करून आणला. फरक शून्य. मग तो बापाला म्हणाला, "आपण बॅलन्सिंगचं स्वतःचं मशीन घेऊ. सगळं आकड्यांत दिसेल. काकांनाही आराम. त्यांनी स्टोअर बघावं."

मालकाने भावाकडे पाहिलं. "दादा, ही गाडी तू बघ. तुझ्या हाताने सुटली, तर मशीनचं नाव काढणार नाही."

पुतण्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण वैद्याला ऐकू आलं ते एकच: स्टोअर. फळ्या, डबे, नटबोल्ट, आणि खिडकीतून हात बाहेर काढून मागितलेली वस्तू देणं.

तो गाडी घेऊन निघाला. उंचवट्यावर हात ठेवला. नव्वद झाले, शंभर झाले. समोरचा आरसा थरथरताना डोळ्यांना दिसत होता, पण तळहात गप्प. भिंतीवर ठेवावा तसा. परत येऊन तो म्हणाला, "घाईचं काम नाही. उद्या सुट्टी आहे, निवांत फिरवून बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला शेजारी बसवलं.

"ही गाडी आहे की घसरगुंडी?" ती म्हणाली. "गुडघे कानाला लागले माझे."

"अगं, पाठ टेकून बस. हात इथे ठेव. मी वेग वाढवतो, काय कळतं ते सांग."

"मला काय कळायचंय? वैद्य तुम्ही."

त्याने गिअर टाकला. तिने जीभ चावली आणि निमूट हात ठेवला. गावाबाहेरचा सरळ रस्ता रिकामाच होता.

"आलं," ती म्हणाली. "पायाखालून येतंय. मांडीत शिरतंय."

"जड धडधड आहे की बारीक?"

"बारीक. चावरी. शिवणयंत्राची सुई वाकली की टाक्याला एकदा ठेचकाळते ना, तसं नाही. हे त्याच्या दुप्पट घाईचं आहे."

"दुप्पट? नक्की?"

"अहो, तीस वर्षं शिवतेय मी. नक्की."

"आता पाय काढतो."

"गेलं." मग लगेच, "दाबलात ना? परत आलं बघा."

त्याने गाडी कडेला घेतली. तोल बिघडलेला शाफ्ट फेऱ्याला एकदाच झटका देतो, आणि पाय काढला तरी देतच राहतो. फेऱ्याला दोनदा, तेही जोर लावला की, म्हणजे खोट शाफ्टमध्ये नाहीच. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि ते सारख्याच कोनात वाकलेले लागतात. पुढचा जो हिसका देतो तो मागचा मोडून काढतो. पुतण्याने नवा गिअरबॉक्स थोडा खाली बसवला होता. दोन सांध्यांचं जमत नव्हतं, आणि बिचारा शाफ्टला बडवत होता.

"सापडलं?" बायकोने विचारलं.

"सापडलं."

"मग आता भाऊजींना हाताचं सांगून टाका."

"आणि स्टोअरमध्ये बसून वायसर मोजू?"

"मोजा की. त्यात काय कमीपणा?"

"तुला नाही कळायचं."

"हो का? आत्ता गाडीत कोणाला कळलं मग?"

त्याने गाडी सुरू केली आणि घराकडे वळवली.

सोमवारी गाडी वर घेतली. वैद्याने गिअरबॉक्स ज्यावर टेकतो त्या फाउंडेशनखाली दोन जाड वायसर घालून तो उचलला. पुतण्याने मोबाइल टेकवून आधी आणि नंतर दोन्ही कोन मोजले आणि कपाळाला हात लावला. "काका, तीन अंशांचा फरक होता! हे मला सुचायला नको होतं का? तुम्ही नुसत्या हाताने कसं ओळखलंत?"

"ओळखलं," वैद्य म्हणाला.

चुकीच्या कोनात फिरून पुढच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, झिजला होता. क्रॉसला चार टोकं; प्रत्येक टोकावर एक वाटी, आणि वाटी निसटू नये म्हणून बाहेरून खाचेत बसणारी पोलादी कडी. तिला लॉक म्हणतात. नवा क्रॉस वैद्य स्वतः बसवायला लागला. सांध्याच्या खाली पुतण्याने सावधगिरी म्हणून एक लोखंडी पट्टा जोडला होता. वैद्याने त्याची थट्टा केली, "शाफ्टला लंगोट कशाला रे? पैलवान आहे का तो?" सगळे हसले. त्याला त्या दिवशी फार बरं वाटत होतं.

"काका, टॉर्च धरू?"

"टॉर्च चाचपडणाऱ्यांना. तू चहा सांग."

लॉक बसलं की कडेने बोट फिरवायचं, ही त्याची रीत. लॉक खाचेबाहेर राहिलं असेल तर बोटाला ठेच लागते. नीट बसलं असेल तर बोट गप्प राहतं. चाळीस वर्षं बोट गप्प राहणं म्हणजे काम चोख. त्याने चारही लॉकांवर बोट फिरवलं. बोट चारही वेळा गप्प राहिलं.

मालकाने गाडी फिरवून आणली आणि दार उघडायच्या आधीच ओरडला, "दादा, लोणी! निव्वळ लोणी!" शर्यतवाल्याने वैद्याचा हात हातात घेतला. मशीनचा विषय संपला.

तीन दिवसांनी शर्यतवाला सरावाला गेला. शेजारी पुतण्या बसला होता, आपलं काम बघायला. सरळ रस्त्यावर एक लॉक उडालं, वाटी निसटली आणि शाफ्टचं पुढचं टोक सुटलं. त्या लोखंडी पट्ट्याने ते जमिनीला लागू दिलं नाही, म्हणून गाडी उलटली नाही. पण सुटलेल्या शाफ्टने पत्रा फाडला आणि पुतण्याच्या उजव्या घोट्याचे तुकडे केले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मालक गॅरेजमध्ये आला तेव्हा तुटलेला सांधा टेबलावर फडक्यावर ठेवला होता.

"क्रॉसच खोटा निघाला," मालक म्हणाला. त्याचे डोळे रात्रभर उघडे होते. "त्या स्पेअरवाल्याला सोडत नाही मी. तुझ्या हातून बसलेला क्रॉस निघतो म्हणजे काय!"

वैद्याने सांधा उजेडाकडे धरला. तीन खाचांत लॉक दबल्याची चकचकीत रेघ होती. चौथ्या खाचेत कारखान्यातलं काळं तेल जसंच्या तसं. तिथे लॉक कधी बसलंच नव्हतं. हे वाचता येणारं माणूस त्या खोलीत एकच होतं. गप्प राहिला असता तर स्पेअरवाल्यावर सगळं जाऊन पडलं असतं.

"क्रॉस चांगला होता," तो म्हणाला. "हे लॉक माझ्याकडून बसलं नाही."

"काहीतरीच काय! तू बोट फिरवतोस ना?"

"फिरवलं. मला बोटांनी कळत नाही."

मालकाने त्याचा हात ओढला आणि बोटाच्या टोकात नख रुतवलं, वळ उठेपर्यंत. "कळतंय?"

"बघतोय म्हणून कळतंय."

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

मालक ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मालक हात सोडून खुर्चीत बसला. सांध्याकडे बघत म्हणाला, "तीन वर्षांत किती गाड्या, दादा?"

हा प्रश्न वैद्याच्या मनात एकदाही आला नव्हता. त्याला फक्त स्टोअर दिसत होतं.

त्याने तिथेच बसून आठवून आठवून सांगितलं. कोणती गाडी, कोणाची, रंग कोणता. त्याने लॉक बसवलेल्या एकूण अठ्ठावन्न निघाल्या. मालकाने एकेकाला फोन केले. गाड्या महिनाभर येत राहिल्या. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून पुतण्या बसायचा आणि नवा कारागीर टॉर्च लावून एकेक लॉक बघायचा. वैद्याला कोणी हाक मारली नाही. तो स्टोअरच्या खिडकीत असायचा आणि जॅक वर गेल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबवायचा.

शेवटची गाडी गेली त्या दिवशी पुतण्या कुबड्या टेकत खिडकीशी आला. "काका, आलेल्या चोपन्नच्या चोपन्न बरोबर निघाल्या. फक्त चार सापडल्या नाहीत. विकल्यात, कोणाला ते कळत नाही." मग म्हणाला, "मला एकदा सांगायचंत ना. टॉर्च धरला असता मी."

काकाने खिडकीवरची धूळ पुसली.

घरी बायको म्हणाली, "चोपन्न बरोबर निघाल्या. तेवढं तरी मनाला लावून घेऊ नका."

"त्या नशिबाने बसल्या," तो म्हणाला. "बोट तेव्हाही इतकंच गप्प होतं."

आता तो गॅरेजला पायी जातो. न सापडलेल्या चार: दोन पांढऱ्या, एक राखाडी, एक गडद हिरवी. त्या रंगाची गाडी दिसली की तो रस्त्याच्या कडेला थांबतो, ती वळणापलीकडे जाईपर्यंत कान देऊन ऐकतो, आणि मग पुढे चालू लागतो. कधी कधी कामावर पोचायला उशीर होतो.