वानखडे मॅडमनी ऐकून घेतलं

कुणी कितीही आग्रहानं खुर्ची दिली, तरी वानखडे मॅडम लोकांच्या घरी खाली सतरंजीवरच बसायच्या. म्हणायच्या, "खुर्चीत बसलं का आपण साहेब होतो. मग लोकं खरं नाही सांगत." अमरावतीच्या समाजकार्य महाविद्यालयात त्या आम्हाला शिकवत आणि आठवड्यातले दोन दिवस घरोघरी जाऊन समुपदेशन करत.

माझी पहिली गृहभेट त्यांच्यासोबतच झाली, परतवाड्याला. बाळ गेल्यापासून त्या घरातल्या सुनेनं बोलणंच सोडलं होतं. मी लगेच तिला धीर द्यायला लागले; तू तरुण आहेस, सगळं ठीक होईल वगैरे. मॅडमनी माझा हात दाबून मला थांबवलं. मग पाऊण तास त्या तिच्याजवळ नुसत्या बसून होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलं होतं?" तिनं नाव सांगितलं आणि ती रडायला लागली. दारात उभी असलेली सासूही रडली.

परतीच्या एसटीत मॅडम मला म्हणाल्या, "तिचं दुःख तुले पाहवत नव्हतं, म्हणून तू बोलून राहिली होती. ते तिच्यासाठी नव्हतं."

आज अकोल्यात हेच काम करताना ते वाक्य मला अजून टोचतं.

निवृत्तीनंतर एकदा त्यांचा फोन आला. मुलगी शुभदा त्यांना पुण्याला न्यायला आली होती आणि मायलेकींचं रोज वाजत होतं. "तू येऊन आमच्यात बस," त्या म्हणाल्या. "मले माझ्याच घरात काही सुचून नाही राहिलं."

मी घाबरतच गेले. शुभदा आईकडे वळून म्हणाली, "मी तापानं फणफणले तरी तू दुसऱ्यांच्या घरी असायचीस, आई. तिथल्या पोरींची नावं मला पाठ होती."

मॅडम काहीतरी खुलासा करायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. चेहरा पार उतरला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "तुले मी एकटं टाकलं."

त्या पुण्याला गेल्या. दीड वर्षानं वारल्या. कळवायला शुभदाचाच फोन आला.

"ऑफिसातून आले की आई विचारायची, आज काय झालं? सगळं ऐकून घ्यायची," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षांची आहे मी, ताई. तरी शाळेतून घरी आल्यासारखं वाटायचं."