विरळ वस्ती

माघातल्या सकाळी द्राक्षबागेत एक आंबूसगोड गारवा असतो, पिकल्या साखरेचा आणि ओल्या मातीचा मिळून झालेला. पानांतून गळणारा उजेड हिरवा होऊन अंगावर पडतो, आणि मण्यांवरची पांढुरकी लव पुसली जाऊ नये म्हणून माणसं देठाला धरून, तान्हं उचलावं तशा जपणुकीनं, घड काढत असतात. हे जपणारे हात आमच्या दिंडोरीचे नव्हेत. पावसाळाभर स्वतःच्या भाताची आणि नागलीची शेती करून, दिवाळी सरली की पश्चिमेकडच्या दऱ्यांतून घाट चढून ही कुटुंबं आमच्याकडे येतात आणि होळीला परततात. माझ्या मळ्यावर येणाऱ्या टोळीची मुकादम हिराबाई. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ती येते आहे. मळा तेव्हा नवरा बघायचा. तो गेल्यावर आता मी आणि माझे धाकटे दीर मिळून बघतो.

यंदा द्राक्षांत साखर उतरली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दिरांनी टीव्हीला मोबाइल जोडून एक फिल्म लावली. नाशिकला बागाईतदारांच्या बैठकीत ती दाखवली होती म्हणे. कॅमेरा घाटमाथ्यावरून अलगद एका दरीत उतरला. कोवळं ऊन, पानं झडलेले साग, डोहाडोहांत थबकलेली नदी आणि उतारांवर भातखाचरांच्या वळणदार कडा, कुणी बोटानं रेघा ओढाव्यात तशा. श्वास रोखून पाहत राहावं इतकं ते सुंदर होतं, आणि त्यात माणूस एकही नव्हता. मधाळ आवाजातली एक बाई सांगत होती, ‘अत्यंत विरळ वस्ती, बहुतांश जमीन पडीक.’ मग संगीताच्या लयीवर पडद्याच्या तळातून निळा रंग चढू लागला; खाचरं बुडाली, साग बुडाले, टेकड्यांची बेटं झाली. प्रस्तावित जलाशय. ‘वहिनी, हे पाणी बोगद्यातून आपल्याकडं येणार,’ दीर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता.

ती दरी हिराबाईची होती. तिच्या नातवाच्या बारशाला मी तिथं गेले होते, भाद्रपदात, जेव्हा त्याच खाचरांतून हिरवा रंग नुसता ओसंडत असतो, पाणी एका बांधावरून दुसऱ्या बांधात बडबडत उतरत असतं, आणि चुलींचा धूर, भिजलेलं गवत, नुकत्याच पोटऱ्यात आलेल्या भाताचा दुधाळ वास, सगळं एकमेकांत मिसळून घराघरांतून वाहत असतं. प्रत्येक उंबऱ्याशी कुणीतरी बसलेलं होतं. ‘विरळ वस्ती’ हे शब्द ऐकले आणि मला तेच उंबरे आठवले. चित्रण माघातलं होतं. माघात ती माणसं कुठं असतात, हे शोधायला तज्ज्ञ नेमावे लागत नाहीत. ती माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये निजतात आणि माझी द्राक्षं खुडतात. घरच्यांना कामाला बोलवायचं आणि पाठीमागं त्यांच्या बंद घराचा फोटो काढून म्हणायचं, बघा, इथं कुणी राहत नाही. इतक्या सोज्वळ चेहऱ्याची चोरी मी पाहिलेली नाही.

पाणी मला नको आहे, असं मी म्हणणार नाही. चैत्र लागला की आमची विहीर तळ दाखवते आणि टँकरसाठी मीही ताटकळते. म्हणून तर राग अधिकच आला, कारण तो काढायला समोर कुणी परका नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी हिराबाईला ती फिल्म माझ्या मोबाइलवर दाखवली. तिला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती आपली नदी पाखराच्या जागेवरून पाहत होती, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. ‘लय ग्वाड दिसतंय,’ ती म्हणाली. मग बोटानं नदीची वळणं मोजत ती स्वतःचं घर शोधू लागली, आणि ते तिला सापडेना. ‘इथंच तर हाय आमचा घर. का दिसत नाय?’ तिनं फिल्म पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा शोधलं, आणि हसून मोबाइल मला परत दिला. ते हसू मला बरं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी तिच्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. जलाशयात बुडणारी घरं मोजायला गुरुवारी माणसं येणार आहेत. कुलूप असेल ते घर धरणार नाहीत. हिराबाई रजा मागायला ओसरीवर आली. दीर मुळात वाईट नाहीत, पण निर्यातीचा कंटेनर ठरलेला होता आणि आभाळ दोन दिवस कुंद होतं. ‘काढणी होऊ दे, मग जा म्हणावं,’ ते माझ्याकडे बघत बोलले. ‘घर काय पळून जातंय?’

एरवी मी गप्प बसते. त्या दिवशी बसले नाही. घर पळून जात नाही भाऊजी, बुडतं, असं म्हणाले आणि मळा माझ्याही नावावर आहे याची आठवण करून दिली, जे आजवर कधी केलं नव्हतं. बुधवारी काढणी थांबली. क्रेट वाहायच्या पिकअपमध्ये माणसं बसली, आणि पिकलेले घड तसेच वेलींवर लोंबत ठेवून मीही पुढच्या सीटवर बसले.

गुरुवारी सकाळी दरीत धुकं होतं. गुरं शिरू नयेत म्हणून दारांना लावलेल्या करवंदीच्या काटेरी फांद्या बायकांनी ओढून काढल्या, उंबरे सारवले, चुली पेटवल्या. मागं राहिलेले म्हातारे धुतलेले सदरे घालून बसले होते. हिराबाईनं मोजणी करणाऱ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. दूध तिनं शेजारच्या वाडीवरून मागून आणलं होतं.

ऊन वर आलं तेव्हा नदीपलीकडच्या डांबरी रस्त्यावर एक पांढरी गाडी थांबली. दोघं उतरले, पण पाण्याकडे कुणी आलंच नाही. थोड्या वेळानं माशी घोंघावावी तसा आवाज आला आणि आमच्या डोक्यावरून ड्रोन सरकू लागला. मोजणी सुरू झाली होती.

हिराबाई अंगणात मान वर करून उभी होती. मग तिनं आपल्या घराकडे पाहिलं, आणि काय झालं ते आम्हा दोघींना एकाच क्षणी कळलं. उन्हाळ्यात गुरांना पुरावा म्हणून भाताचा पेंढा दारापुढच्या मांडवावर रचलेला होता. रचत रचत तो मागं कौलांवर टेकलेला, पार आढ्यापर्यंत. इथं सगळेच असा रचतात. वरून पाहणाऱ्याला ते घर नव्हतंच, गवताची एक गंजी होती. ती पदर खोचून शिडीवरून वर गेली आणि उन्हाळाभराचा चारा दोन्ही हातांनी खाली लोटू लागली. मीही चढले. पेंढ्याच्या सोनेरी धुरळ्यात मला धड दिसत नव्हतं, हाताला कुसळं बोचत होती, आणि गावातली घरं एकेक करून कौलं उघडी करत होती. ड्रोन त्यापूर्वीच पुढच्या वळणाकडे निघाला होता. मी वरून ओरडत होते ते नदीपलीकडच्या त्या दोघांना ऐकू गेलं असेल की नाही, कुणास ठाऊक. त्यातल्या एकानं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिल्यासारखं मात्र वाटलं.

‘वहिनी, तुम्ही उतरा, पडाल,’ हिराबाई म्हणाली. घोंघाट पुन्हा जवळ येत होता की लांब जात होता, डोंगरांमुळे समजत नव्हतं. मी उतरले नाही. कौलांना टेकून तिच्या शेजारी उभी राहिले आणि तोंड वर केलं. आला तर येऊ दे. त्याला काय दिसेल ते दिसो. या घरात आज दोन बायका राहतात, एवढं तरी त्यानं लिहून न्यावं.