चार रबरी बुचं

गाड्यांच्या कंपनीच्या चाचणीघरात त्याला सगळे दशांश म्हणायचे. किती वाजले विचारलं तर हा सेकंदही सांगणार, अशी त्याची ख्याती. पण इंजिनाच्या बेअरिंगमधली फट मोजायची वेळ आली की थट्टा करणारेच निमूट त्याच्यापुढे येऊन उभे राहत.

हे मोजणं त्याला वस्तादांनी शिकवलं. वस्ताद म्हणजे तिथले सर्वात जुने फिटर. तोंडाने फटकळ, हाताला मात्र जोड नाही. सहा सिलिंडरचं एक इंजिन दोघांनी मिळून नऊ वर्षं वाढवलं होतं. वस्तादांना मूलबाळ नव्हतं. इंजिनाला ते ‘आपलं’ म्हणायचे आणि ते कुणाला खटकत नव्हतं.

मग कंपनीने दुसऱ्या कंपनीशी सोयरीक केली. सांगाडा एक, त्यावर गाड्या दोन, एक यांची, एक त्यांची. दोन्ही दोनच माणसांच्या, वेगाची हौस असणाऱ्यांसाठी. अशा गाड्या खपतात मोजक्या आणि घडवायला खर्च मात्र भरमसाट, म्हणून हा एकत्र संसार. एकत्र संसारात चूल कुणाची, हा तंटा ठरलेलाच. त्यांच्याकडे चार सिलिंडरचं तयार इंजिन होतं, दुसऱ्या गाडीत कधीपासून चालणारं. सांगाड्याच्या पुढच्या तुळईला दोन्ही इंजिनांसाठी भोकं पाडून ठेवली होती. आपलं घ्यायचं की त्यांचं, एवढंच ठरायचं होतं.

आपल्या इंजिनात एक खोट होती. लांब डाव्या वळणावर गाडी जोरात घातली की तेल एका बाजूला सरकायचं आणि दीड सेकंद पंप नुसती हवा ओढायचा. तेवढ्यात बेअरिंग जळायचं. त्यासाठी तेलाचं भांडं नव्याने करायला हवं, त्याला खाली जागा हवी, आणि जागा केली की गाडी पुन्हा भिंतीवर आपटून तपासायला हवी. एका धाग्याला हात लावला की सगळं विणकाम उसवायचं.

बैठकीच्या सकाळी वस्तादांनी त्याला जिन्यात गाठलं.

“किती महिने लागतील असं विचारतील. बारा सांग.”

“बारात होत नाही, वस्ताद.”

“मला कळत नाही होय? एकदा हो म्हणाले की मागे फिरत नाहीत. आणि गाडी घेणारा असं वळण घेणार तरी किती वेळा?”

“एकदा घेतलं तरी बेअरिंग जातं. तुम्हीच शिकवलंत.”

“माझं शिकवणं माझ्यावरच उलटवू नकोस,” वस्ताद म्हणाले.

बैठकीत खर्च बघणाऱ्या बाईंनी विचारलं. तो म्हणाला, “साडेअठरा.” बाईंनी आकडा लिहून घेतला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाकीचं काम पंधरा मिनिटांत उरकलं. त्यांचं इंजिन ठरलं.

खऱ्याचा वाली असतो म्हणतात. असेल कुठेतरी. घरी बायकोने ताट वाढलं. “खरं बोललात ना? मग जेवा,” ती म्हणाली. तो दोन घासांवर उठला.

त्यानंतर वस्ताद त्याच्याशी बोलले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचा हात हातात घेतला. दशांश रांगेत उभा होता. त्याला वगळून ते पुढे गेले.

तुळईतली आपल्या इंजिनाची भोकं तशीच राहिली. नवा साचा करायचा, पुन्हा गाडी आपटायची, त्यापेक्षा ती असू देणं स्वस्त. फक्त पाणी आत जाऊ नये म्हणून त्यांना रबरी बुचं बसवायची. चाचणीघर बंद झालं होतं, दशांशला गाड्या जोडायच्या विभागात पाठवलं आणि बुचांचं काम त्याच्या वाट्याला आलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. केलं असतं तर निदान रागावता आलं असतं. प्रत्येक गाडीला चार भोकं. कुठे पाडायची, ते त्याने आणि वस्तादांनीच ठरवलेलं. तो अंगठ्याने बूच दाबायचा, गाडी पुढे सरकायची.

दोन वर्षांनी कळलं की वस्तादांनी अंथरूण धरलंय. सुट्टीच्या दुपारी तो गेला. त्यांच्या बहिणीने दार उघडलं आणि खाटेजवळ खुर्ची ठेवली.

वस्ताद भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून म्हणाले, “भोकांचं काय केलं?”

“बुचं लावतो. मीच बसवतो.”

खिशात एक होतं. त्याने ते त्यांच्या हातावर ठेवलं. वस्तादांनी अंगठ्याने त्याची कड चाचपली, पूर्वी पिस्टनची कडी चाचपायचे तशीच.

“घट्ट बसतं? पाणी जात नाही ना?”

“नाही.”

“घरी बसून मी सगळं पुन्हा मांडून बघितलं,” वस्ताद म्हणाले. “साडेअठरात झालं नसतं. बावीस लागले असते.”

वस्तादांनी मान त्याच्याकडे वळवली.

“तुला माहीत होतं.”

“हो,” तो म्हणाला. “बावीसच येत होते. साडेअठराच्या खाली सांगायला जीभ वळली नाही, वस्ताद.”

आयुष्यात त्याने एकदाच आकडा खोटा सांगितला होता आणि तोही पुरला नव्हता. वस्तादांनी बूच बाजूला ठेवलं आणि रिकामा हात त्याच्यापुढे धरला.