अंबादासजींनी पोचवून दिलेल्या गोगलगायी

अंबादास गजभिये मुंगीसुद्धा मारत नाहीत. कुणी विचारलेलं नसतं, तरी ते सांगतात. बरं, माणूस कुठला? खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतला! चौतीस वर्षं तोफगोळ्यांची कवचं मापात बसवली आणि रिटायर झाल्यावर तिथेच, हिंदी मुलखात, रांझीतल्या घरामागे पालक लावला. त्यांच्या पत्नी कुसुमबाई एवढंच म्हणतात, "गोळे काय लोकायवर फुलं उधळायले बनवत होते का हो?" मग अंबादासजींना एकदम झारीत पाणी भरायचं आठवतं.

या पालकाला मान मोठा. वर्षावासाचे तीन महिने मोहल्ल्यातल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला समारोपाचं जेवण होतं. त्या जेवणातली पालकाची भाजी गजभियेंच्या परसातली, हे चार वर्षांपासून ठरलेलं. यंदा वाचन सुरू झालं त्या दिवशी अंबादासजींनी माईक हातात घेतला. "साठ जणांची भाजी माझ्याकडे. आणि या भाजीपायी एकही जीव जाणार नाही!" दुसऱ्या वाक्याची काही गरज नव्हती. पण माईक हातात आला की भल्याभल्यांचा तोल जातो.

भाद्रपदात गोगलगायी आल्या. शंखवाल्या नव्हेत, या उघड्याच. बोटाएवढ्या, काळपट, चिकट. दिवसा विटांखाली पडून राहायच्या आणि अंधारलं की पालकाची चाळण करायच्या. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते काही उगाच नाही. सून नीलिमा दुकानातून गोगलगायी मारायच्या निळ्या गोळ्यांची पुडी घेऊन आली. अंबादासजींनी ती आल्या पावली परत पाठवली. नळाजवळ खडबडीत पाठीचा एक बेडूक राहायचा आणि सकाळी कुंपणावर भारद्वाजाची जोडी यायची. दोघांचंही खाणं गोगलगायीच. विष खाल्लेली गोगलगाय पोटात गेली की तेही गेले.

मग अंबादासजींनी फॅक्टरीची शिस्त लावली. संध्याकाळचं पाणी बंद, सकाळी सुरू, म्हणजे रात्री वाफे कोरडे. कडेनं ओली गोणपाटं. सकाळी गोणपाट उलटलं की खाली पूर्ण शिफ्ट हजर! एकेक चिमट्यानं उचलायची आणि डब्यात ठेवायची. डब्याच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोकं, तीही एका मापाची. मग डबा स्कूटरला लावून पनागरच्या रस्त्यानं जायचं आणि एका पुलियाजवळच्या, म्हणजे छोट्या पुलाजवळच्या, हिरवळीत तो हळूच उपडा करायचा. वर "भवतु सब्ब मंगलं."

"लोक लेकीले पोचवून देत नाई इतक्या मायेनं तुम्ही गोगलगाया पोचवून राहिले," कुसुमबाई म्हणायच्या. पण पालक सावरला, आणि अंबादासजी विहारात येईल त्याला आपली पद्धत समजावू लागले. लोक चपला शोधण्याच्या निमित्तानं सटकायचे.

पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते, तेव्हा बळीराम शेणखताच्या गोण्या घेऊन आला. बळीराम पनागरचा, भाजी पिकवणारा. खत दरवर्षी त्याच्याकडचंच. गोणी उतरवता उतरवता तो म्हणाला, "दादा, इस बार तो बरबाद हो गए. गोभी की पूरी पौध घोंघे चट कर गए. पता नहीं ससुरे कहाँ से आ गए." घोंघे म्हणजे गोगलगायी, हे अंबादासजींना कुणी सांगायला नको होतं.

"खेत किधर है तेरा?"

"अरे वही, पुलिया से लगा हुआ."

अंबादासजींच्या हातातून गोणीचं टोक सुटलं. बळीराम आपल्याच तंद्रीत सांगत होता: दवाई आणलीय, तीच निळी, पाच किलो, आज संध्याकाळी टाकणार.

"तेरे खेत में मेंढक, महोख आते क्या रे?" अंबादासजींच्या डोळ्यांपुढे नळाजवळचा बेडूक आणि कुंपणावरचे भारद्वाज होते.

"बहुत आते हैं दादा. क्यों?"

गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? गोगलगायीच्या पाठीवर काही पत्ता लिहिलेला नसतो. अंबादासजींनी एकदा कुसुमबाईंकडे पाहिलं, एकदा पालकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बळीराम, वो मेरे हैं."

"क्या?"

"घोंघे. मैंने छोड़े, रोज सुबह लाके."

बळीराम आधी पोट धरून हसला. मग त्याला आपली रोपं आठवली आणि त्याचं हसू उतरलं. "तो ले जाओ वापस. पर दादा, अब कहाँ छोड़ोगे? उधर भी किसी का खेत ही होगा."

अंबादासजींनी गोगलगायी वेचायला फक्त आठ दिवस मागून घेतले. बळीरामनं कुरकुरत का होईना, दवाईची पिशवी तेवढे दिवस न फोडायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नवराबायको पनागरला पोचले. ओली गोणपाटं आदल्या संध्याकाळीच शेतात पसरून ठेवली होती; स्कूटरवर एक बादली होती आणि साबणाची पुडी होती. अंबादासजींनी बादलीत पाणी भरून साबण कालवला. साबणाच्या पाण्यात गोगलगाय मरते आणि शेतात विषही पडत नाही. पहिली गोगलगाय चिमट्यात धरली आणि तसेच उभे राहिले. मारायची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. महिनाभर आपले हात स्वच्छ म्हणून गावभर मिरवलो, आणि घाण सगळी या गरिबाच्या शेतात आणून टाकली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चिमटा उघडला. गोगलगाय पाण्यात पडली.

आता टोमणा येणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. कुसुमबाईंनी पदर खोचला, बाजूचं गोणपाट उलटलं आणि दोन बोटांनी एक गोगलगाय उचलून बादलीत टाकली.

"थोडं सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "एकट्यानं काहून करून राहिले? भाजी तर साठ जण खाणार हाय."