कॉलेजच्या शेळ्या

जामखेडच्या बाजारात बोकडाचा भाव करावा तो भिमाबाईनं! दात बघायची, पाठीवरून हात फिरवायची आणि व्यापाऱ्यानं तोंड उघडायच्या आत म्हणायची, "आधी खरं बोल, मग भाव बोल." काय बाई होती! आता तशी माणसं राहिली नाहीत.

नव्वद साली तिची नात प्रज्ञा चौथीत पहिली आली. घर हसत होतं आणि भिमाबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. तिची लेक दीपाही लहानपणी चौथीत पहिलीच आली होती. गुरुजी घरी येऊन हातापाया पडले होते. तरी भिमाबाईनंच तिला शाळेतून काढून खुरपायला नेलं होतं. तो सल काही गेला नाही. त्याच आठवड्यात रोजगार हमीच्या पैशातून तिनं नातीच्या कॉलेजसाठी म्हणून एक शेळी घेतली आणि गावातल्याच राहीबाईकडं वाट्यानं सोडली.

वाट्याची रीत सोपी. शेळी एकीची, पाळायची दुसरीनं. एका वेताची पिल्लं हिची, पुढच्या वेताची तिची. आणि जिनं शेळी सोडली तिच्याशिवाय कुणाच्या हाती दावं द्यायचं नाही. आठ वर्षांत भिमाबाईच्या शेळ्या अकरा दारी झाल्या. गावात त्यांना 'कॉलेजच्या शेळ्या'च म्हणत. कुणाच्या मेथीत तोंड घातलं की बाया ओरडायच्या, "हाण तिला, डिग्रीवाली आली बघ!" डिग्री म्हणजे काय हे भिमाबाईला कुठं ठाऊक होतं! जिच्याकडं ती असते तिला कचेरीत साहेब खुर्ची देतो, एवढंच तिनं पाहिलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली प्रज्ञा बारावी झाली. फी सरकारनं माफ केलेली, पण नगरला खोली, मेस, पुस्तकं कुठून आणायची? त्यासाठीच तर शेळ्या होत्या. तेवढ्यात स्थळ आलं, मुलगा एसटीत कंडक्टर. भिमाबाईचा मुलगा, म्हणजे प्रज्ञाचा बाप, त्याचं नाव श्रीमंत, हुरळून गेला.

"आये, असं स्थळ पुन्ना दारात यायचं न्हाई. शेळ्या इकू, लगीन उरकू."

"शेळ्या माझ्या हायेत."

"तुझ्या म्हंजी माझ्याच की!"

दोन दिवसांनी भिमाबाई तापानं फणफणलेली बघून तो शेळ्या गोळा करायला टेम्पो घेऊन निघाला. तिला आवाज ऐकू आला, पण उठवेना. पडल्या पडल्या ती रडली. आठ वर्षं पाण्यात गेली म्हणाली.

दुपारी टेम्पो रिकामाच परत आला. मागोमाग पदर खोचून राहीबाई.

"भिमे, पोराला आवर! म्हन्तो, आयेनं पाठीवलंय. आमी काय येड्या हाय व्हय? म्या म्हन्लं, जा, तुझ्या आयेला घिऊन ये. अकराजणींत एकीनं बी दावं सोडलं न्हाई!"

श्रीमंत उंबऱ्यावर बसला. हळूच म्हणाला, "आये, शिकून बी घरीच बसली तर गं? मला लई भ्या वाटतं."

"बसली तर बसू दे. पन दीपा माहेराला येती, तवा माझ्याकडं बघती कशी, ठावं हाय तुला? बोलत काय बी न्हाई. बोलली असती तर बरं हुतं. प्रज्ञीनं तुझ्याकडं तसं बघू नये."

श्रीमंतनं मान खाली घातली. पुढच्या बाजाराला तोच आईला धरून दारोदार हिंडला. आईच्या हातात दावं पडत गेलं आणि टेम्पो भरला.

नगरच्या कॉलेजात खिडकीमागच्या कारकुनानं फॉर्म पुढं केला. "पालक कोण? सही करा."

श्रीमंतला सही येत होती. त्यानं फॉर्म आईपुढं सरकवला.

भिमाबाईनं शाईत अंगठा बुडवला आणि थबकली. खाली नातीची वळणदार सही होती. शेजारी आपला काळा ठसा उठवायची तिला जन्मात पहिल्यांदा लाज वाटली. डोळे भरून आले. तरी तिनं अंगठा दाबला, चांगला जोर लावून, आणि कारकुनाला म्हणाली,

"नीट जपून ठिवा सायेब. आमच्या घरातला ह्यो शेवटचा."