लुआचे बिनधुराचे निखारे

सा देक गावच्या बाजारात मांस भाजणाऱ्यांच्या सात गाड्या. त्यातल्या सहा गाड्यांवर जेवायचं म्हणजे डोळे पुसत जेवायचं. पंखे हलवून हलवून बायकांचे खांदे निघायची वेळ येते, तरी कोळसा धुमसायचा तो धुमसतोच, वर गिऱ्हाइकाच्या भातात राख. सातवी गाडी लुआची. तिच्याकडे पंखाच नव्हता. "पंखा कसला हलवतेस? विस्तव काय नवरदेव आहे का वारा घालायला!" असं ती शेजारणीला ऐकवायची, आणि शेजारणीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

लुआकडे होता एक डबा. तेलाचा उभा पत्र्याचा डबा, वरखाली दोन्हीकडून कापलेला. बुडापासून चार बोटं वर तारेची जाळी, जाळीखाली खिळ्याने पाडलेली भोकं, आणि उचलायला कडेला लाकडी मूठ. जाळीखाली ती हरलेल्या लॉटरीची तिकिटं चुरगळून कोंबायची. आमच्याकडे हरलेल्या तिकिटांना काय तोटा! जाळीवर खारफुटीचा कोळसा, बारीक तुकडे खाली, मोठे वर. काडी लावली की बाजूला व्हायचं. फुंकायचं नाही, ढवळायचं नाही, वाकून बघायचं नाही. डबा आपला आपण खालून हवा ओढतो. आधी पांढरा दाट धूर, मग तडतड, मग वरच्या तोंडाशी निळसर जाळ, आणि वरच्या तुकड्यांवर राखेची साय धरली की डबा उचलून शेगडीत ओतायचा. लुआ तोवर डुकराच्या बरगड्यांना लसूण आणि गवती चहा चोळत बसायची. तिचं लक्ष कानात असायचं. तडतड थांबली की ती उठायची.

तिच्या निखाऱ्याला धूर नाही, वास नाही, ठिणगी नाही. या कामात तिचा हात धरणारं कालव्याच्या दोन्ही काठांवर कोणी नव्हतं, हे तिच्या वैरिणीसुद्धा कबूल करायच्या. गल्लीत कोणी बाळंत झालं की लुआकडे निरोप यायचा, कारण बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीत निखारे असावेत तर लुआचेच. महिनाभर शेक घ्यायचा, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, वारं लागू द्यायचं नाही. जिला बाळंतपणात वारं लागलं ती म्हातारपणी गुडघे धरून रडते, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही.

लुआ स्वतःही सत्तावीस वर्षांपूर्वी अशीच शेकली होती. तेव्हा घर म्हणजे झावळ्यांचं खोपटं. पावसात पाणी आत, उन्हात ऊन आत. मुलगा विन चार वर्षांचा असताना नवरा दारूने पोट फुगून मेला. बाईने दुसरं लग्न केलं नाही, कोणापुढे हात पसरला नाही. भाजलेल्या बरगड्या आणि कण्यांचा भात विकून तिने त्याच जागी विटांचं घर उभं केलं. नातवंडाचं स्वप्न बघत मागे एक लहान खोली बांधली आणि तिला काचेची सरकती खिडकी बसवली, कडेला रबराची पट्टी असलेली. ही लावली की डाससुद्धा आत यायचा नाही, असं ती येईल त्याला खिडकी लावून दाखवायची.

सून आली थोआ, नदीपलीकडची. अंगाने काडी, बोलायला कमी, पण मनात आलं ते करणारी. लुआचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणेल तर ते साफ खोटं. सातव्या महिन्यापासून तिने सुनेला पाण्याची बादली उचलू दिली नाही. मुलगी झाली तेव्हा इस्पितळाच्या पायरीवर बसून लुआ ढसाढसा रडली, आणि आमच्या रीतीप्रमाणे बाळाला गोड म्हणायचं नसतं म्हणून तिचं नाव ठेवलं बेडकी.

घरी सोडताना नर्सने बजावलं, "आजी, कोळसा-बिळसा काही ठेवायचा नाही हं खोलीत."

लुआ रस्ताभर हसत आली. "त्या पोरीने जन्मात विस्तव पेटवलाय का? गॅसवर चहा करणारी ती. मला कोळसा शिकवते!"

"पण ती नर्स आहे, आई," थोआ म्हणाली.

"अगं, ते धुरासाठी म्हणत असतात," विनने समजूत घातली. "आईच्या निखाऱ्याला धूर कुठे असतो? तू फक्त तिचं ऐक." चौथ्या दिवशी तो तांदूळ वाहणाऱ्या पडावावर कामाला निघून गेला.

मागच्या लहान खोलीत शेक सुरू झाला आणि थोआचं डोकं दुखायला लागलं.

"आई, डोकं फार जड होतं हो. मळमळतंय पण."

"वारं शिरलंय डोक्यात. पहिलटकरणीला होतं तसं."

"खिडकी जरा उघडली की बरं वाटतं."

"बरं वाटतं! म्हातारपणी गुडघे धरून बसशील, तेव्हा मी नसेन चोळायला."

लुआ पहाटे बाजारात गेली की थोआ खिडकी दोन बोटं सरकवायची. दहाच्या सुमारास लुआ परत आली की आधी खिडकी बंद करायची, मग पाय धुवायची. तिची पाठ वळली की थोआ पुन्हा सरकवायची. हा खेळ आठ दिवस चालला. साऊ म्हणून शेजारीण होती, ती येऊन म्हणायची, "सून तुझी भारी हट्टी बाई." लुआ म्हणायची, "असू दे, माझ्या घरात शहाणी होईल."

नवव्या दिवशी समुद्राकडून बोचरं वारं सुटलं. लुआ घरी आली तर खिडकी सताड उघडी, पडदा फडफडतोय, आणि बेडकीला शिंकांवर शिंका. लुआचं डोकंच फिरलं.

"स्वतःची नाही तर नाही, या जिवाची तरी दया येऊ दे गं!"

तिने खिडकी लावली आणि कडीला तार गुंडाळून पिळली. अंगणात डबा पेटवला, तडतड थांबेपर्यंत वाट पाहिली आणि फुललेले निखारे शेगडीत शिगोशीग भरून बाजेखाली सरकवले. मग बेडकीला उचललं.

"तिला राहू द्या ना माझ्याजवळ," थोआ म्हणाली.

"अंघोळ घालते, तेल लावते, पुढच्या खोलीत पाळण्यात झोपवते. तू डोळे मीट जरा. रात्रभर जागी आहेस, मला दिसत नाही का?"

"आई, थोडी फट तरी..."

"झोप म्हणाले ना."

बाहेर येऊन तिने दार ओढलं आणि उंबऱ्याशी पंच्याची गुंडाळी लावली. हे सगळं तिने मायेने केलं. रागावलेल्या माणसाची मायाही रागातच असते, पण माया ती मायाच.

तासाभराने तिने दार किलकिलं केलं. थोआ कुशीवर गाढ झोपली होती. नऊ दिवस कागदासारखे पांढरे दिसणारे गाल गुलाबी झाले होते, ओठांवरसुद्धा लाली होती. लुआचा जीव भांड्यात पडला. "बघा, म्हणे डोकं दुखतं! कसा रंग चढलाय," असं ती पुटपुटली आणि पंचा पुन्हा नीट लावून ठेवला. खोलीत धूर नावालाही नव्हता.

बेडकी भुकेने रडायला लागली तेव्हा दीड वाजला होता.

"ऊठ गं, हिला घे," लुआ म्हणाली. "थोआ? अगं, लेक रडतेय." खांदा हलवला तर हात बाजेवरून खाली लोंबला. लुआच्या किंकाळीने सगळी गल्ली गोळा झाली. साऊच्या जावयाच्या रिक्षात घालून तिला इस्पितळात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डॉक्टरीण वयाने थोआएवढीच होती. लुआला तिने आडोशाला नेलं.

"मावशी, खोलीत कोळसा होता?"

"होता. पण धूर नव्हता हो. माझ्या निखाऱ्याला धूर नसतो, कोणालाही विचारा."

डॉक्टरीण म्हणाली, "धूर असता तर बरं झालं असतं. खोकून उठली तरी असती. पेटलेल्या कोळशातून जो वायू निघतो ना, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठत जातो. गालांवर लाली चढते तीही त्यानेच. डोकं दुखत होतं का तिचं? खिडकी कधी उघडायचात?"

लुआला आपलं झावळ्यांचं खोपटं आठवलं, ज्याच्या भिंतीतून बोटं बाहेर निघायची. तिथे ती महिनाभर शेकली आणि तिला काही झालं नाही. इथे थोआला आठ दिवस जगवलं ते त्या दोन बोटांच्या फटीने. आणि ती फट आपण तारेने बांधली.

विन संध्याकाळी पोचला. कागदावर 'श्वास बंद पडून' असं काहीतरी लिहिलं होतं, ते त्याने वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. का बंद पडला, हे गल्लीने आधीच ठरवून टाकलं होतं.

"खिडकी उघडायची ना सारखी," साऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. "त्या दिवशी तर सताड उघडी. लागलं वारं, दुसरं काय!"

थोआची आई नदीपलीकडून आली. लेकीजवळ बसून तिने रडून घेतलं, मग उठून लुआचे दोन्ही हात धरले. "विहीणबाई, मला माफ करा. माझ्या पोरीने तुमचं ऐकलं नाही. लहानपणापासून तशीच होती हो, कोणाचं म्हणून ऐकायची नाही."

लुआने तोंड उघडलंही. पण समोर विन उभा होता, खांद्यावर बेडकी. बोललं तर हा गेला, ही गेली, सगळं गेलं. तिने नुसती मान हलवली. ही तिची पहिलीपेक्षा मोठी चूक. पहिली निदान अजाणता झाली होती.

त्यानंतर विनने पडाव सोडला आणि गावातच लाकडाच्या वखारीत लागला. दुपारी घरी येऊन बेडकीला बाटली पाजायचा आणि तिच्याशी बोलत बसायचा. "तुझी आई नाही ऐकायची कोणाचं. तू मात्र आजीचं ऐकायचं हं, बेडके." रागाने म्हणत नसे तो, लाडाने म्हणायचा. लुआ भिंतीपलीकडे भांडी घासत असायची आणि ऐकायची. रोज ऐकायची. तिला अन्न गोड लागेना. गाडीवर बरगड्या करपायला लागल्या, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, सुनेचं दुःख फार मनाला लावून घेतलं बाईने.

तिसऱ्या महिन्यात साऊची मुलगी बाळंत झाली. साऊ सकाळीच दारात. "लुआ, तुझ्या दुःखात मागू नये, पण निखारे तुझेच हवेत बाई. दुसरीचे घेतले तर पोरीचे डोळे जातील."

हाताला सवय होती. लुआने डबा भरला, तिकिटं कोंबली, काडी लावली. तडतड थांबल्यावर डबा मुठीने धरून साऊच्या घरी गेली. आत बाजेवर मुलगी बसली होती, पांढरी पडलेली, मांडीवर लेकरू. विन वखारीत जाता जाता साऊच्या जावयाला मदत करायला थांबला होता. दोघे मिळून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावत होते.

"घट्ट लाव रे," साऊ सांगत होती. "थोआसारखं नको व्हायला."

लुआ वळली. तशीच चालत कालव्याच्या काठाशी गेली आणि डबा पाण्यात उलटा केला. फस्स करून वाफ उठली. साऊ ओरडत बाहेर आली, मागोमाग दोघे पुरुष.

"अगं, काय केलंस हे!"

"थोआला वारं लागलं नाही," लुआ म्हणाली. "माझ्या निखाऱ्यांनी मेली ती. डॉक्टरणीने त्याच दिवशी सांगितलं मला. बंद खोलीत कोळसा माणूस मारतो, धूर असो नसो. ती खिडकी उघडायची म्हणून आठ दिवस जगली. काढा त्या पट्ट्या."

"डोक्यावर परिणाम झालाय हिच्या," साऊ हळू आवाजात म्हणाली. "घरी ने रे तिला."

विन हलला नाही. "त्या दिवशी खिडकी कोणी लावली?"

"मी लावली. तारेने बांधली."

"आणि तीन महिने मी माझ्या पोरीला काय सांगत होतो, ते तू ऐकत होतीस?"

"ऐकत होते."

तो आत गेला. चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. मग तो घरी गेला, बेडकीचे कपडे आणि बाटल्या पिशवीत भरल्या, आणि तिला पाळण्यातून उचलून छातीशी घेऊन फेरीबोटीच्या धक्क्याकडे निघाला. लुआ मागे मागे.

"थोआच्या आईला तू सांग," तो वळून न बघता म्हणाला. "मी नाही सांगणार."

नदी ओलांडायला दहा मिनिटं लागतात. थोआची आई अंगणात आंब्याच्या फोडी वाळत घालत होती. बेडकीला बघून धावत आली, घेतलं, कुरवाळलं. "या, या विहीणबाई, उन्हातून आलात, बसा."

लुआ बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. डोकं दुखायचं ते, मळमळायचं ते, गालांची लाली, तार, पंचा, आणि डॉक्टरणीचे शब्द. काही वगळलं नाही. तुम्ही माफी मागितलीत तेव्हा मी गप्प राहिले, हेही सांगितलं.

थोआच्या आईने बेडकीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे ती खिडकी उघडत होती, ते बरोबर होतं?"

"हो."

"मी तिला पुरताना सुद्धा बोल लावला, विहीणबाई. न्यायच्या आधी तिच्या कानात म्हटलं, का गं ऐकलं नाहीस."

थोआची आई आत गेली. भिंतीवर लेकीचा फोटो होता, त्याच्यापुढे उदबत्ती लावली आणि नातीला तिथेच मांडीवर घेऊन बसली. "थोआ," ती म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं, बाळा. तुझंच बरोबर होतं." विन दाराच्या चौकटीत बसून हमसून हमसून रडायला लागला.

लुआ अंगणात उभी राहिली. पुढची फेरी सुटायची घंटा झाली, तेव्हा ती धक्क्याकडे चालू लागली. तिला कोणी थांब म्हणालं नाही.