दुखणार नाही म्हणाली
स्पिरिटचा वास आला की मला चेन्नईतलं ते इस्पितळ आठवतं. आमच्या चार वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. नवरा दिवसभर शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात, आणि तिच्या उशाशी मी एकटी, तमिळचा गंध नसलेली. महिनोन्महिने वॉर्डात राहून तिने मात्र ती भाषा उचलली होती. एका दुपारी सुई घेऊन आलेल्या नर्सला तिने विचारलं, "वलिक्कुमा, अक्का?" नर्स हळूच म्हणाली, "कोंजम." मी विचारलं, "काय गं म्हणाली?" "दुखणार नाही म्हणाली, आई," असं सांगून तिने हात पुढे केला. 'कोंजम' म्हणजे 'थोडंसं', हे मला पुढे कधीतरी भाजी घेताना कळलं. आता ती बरी आहे, शाळेत जाते. पण पडली-झडली आणि "लागलं का?" विचारलं की "नाही" म्हणते, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहते.